ब्रश कसा फिरतो आणि कुठे टेकतो

सेवाग्रामला येण्याच्या तीसेक वर्षे आधी, दक्षिण आफ्रिकेत असताना, गांधीजी रोज सकाळी दात घासायला १५ मिनिटे आणि आंघोळीला २० मिनिटे घेत. हा हिशेब त्यांनीच आत्मकथेत दिला आहे. त्यामागे दातांची विशेष काळजी होती असे नाही. समोरच्या भिंतीवर गीतेचे श्लोक लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि दात घासता घासता ते पाठ करायचे, असा बेत होता. तेरा अध्याय या रीतीने पाठ झाले. दात मात्र टिकले नाहीत. वर्ध्याने जे गांधीजी पाहिले ते बोळक्या तोंडाचे, जेवणापुरती कवळी बसवणारे. एका माणसाच्या दातांवरून सिद्धान्त काढू नये. आहार, वय, अंगचा कल अशी कितीतरी कारणे दात जाण्यामागे असतात. तरी एक शंका मनात येतेच. चित्त श्लोकात आणि हात दातांवर असा तो पाव तास चालत असेल, तेव्हा ब्रश नेमका कुठल्या दातांवर, कुठल्या बाजूला फिरत असेल? दात घासण्याच्या पद्धतींची तुलना करायची तर मला वाटते सुरुवात याच प्रश्नापासून करावी. कारण या विषयावर जेवढी भांडणे झाली ती बहुतेक हालचालींवरून झाली आहेत: आडवे घासावे की उभे, गोल फिरवावे की थरथरवावे. जागेचा प्रश्न त्या मानाने मागे पडला.

हे भांडण किती जुने आणि किती अनिर्णित आहे याची मोजदाद २०१४ साली ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये आली. वेनराइट आणि शायहॅम या दोघांनी दहा देशांतल्या दंतवैद्यक संघटना, पेस्ट आणि ब्रशच्या कंपन्या आणि पाठ्यपुस्तके अशा ६६ ठिकाणी दिलेला सल्ला गोळा केला. १९ जणांनी ‘सुधारित बास’ पद्धत सांगितली होती, ११ जणांनी मूळ ‘बास’, १० जणांनी ‘फोन्स’, ५ जणांनी सरळ आडवे घासायला सांगितले होते, आणि बाकीच्यांचे आणखी काही वेगळेच. एखाद्या तापाच्या औषधाबद्दल डॉक्टरांमध्ये इतके मतभेद असते तर रुग्ण घाबरले असते. वर्ध्याच्या माणसाला दंतवैद्यक अपरिचित नाही. शहराला लागूनच सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. पण तिथल्या खुर्चीवर बसून ऐकलेला सल्ला, टीव्हीवरच्या जाहिरातीत पेस्टची लांबलचक रेघ काढून केलेले प्रात्यक्षिक आणि घरात आजीने लावलेली सवय, या तिन्हींत मेळ नसतो. मग माणूस आपल्या हाताला सोपे पडते तेच करतो, म्हणजे ब्रश आडवा धरून खसाखसा ओढतो.

खरे-खोटे ठरवण्यासाठी आधी शत्रू कोण ते पाहू. प्लाक म्हणजे अन्नाचे चिकटलेले कण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चूक आहे. तो जिवाणूंचा चिकट, पांढुरका, मऊ थर असतो. घासून स्वच्छ केलेल्या दातावरही तो काही तासांत पुन्हा बसायला लागतो आणि नुसत्या चुळा भरून निघत नाही. तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो; त्यालाच आपण किटण म्हणतो, आणि ते कोणत्याही ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. हिरड्यांचा आजार याच थरामुळे होतो हे डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या दंत महाविद्यालयात हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली निर्विवाद दाखवले. त्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. ल्यो यांनी सहभाग घेतलेल्या १९७३ सालच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: प्लाक दर ४८ तासांनी का होईना पण संपूर्ण निघत असेल तर हिरड्या निरोगी राहतात. याचा अर्थ एक दिवसाआड दात घासावेत असा कोणी घेऊ नये. अर्थ असा, की दिवसातून दोनदा अर्धवट घासण्यापेक्षा एकदा नीट घासलेले हिरड्यांना अधिक मानवते. आणि ‘नीट’ म्हणजे काय हे प्लाक जिथे साठतो त्या जागांवरून ठरते. दाताच्या फुगीर मध्यभागावर तो फारसा टिकत नाही. जीभ, गाल आणि चावणे त्याला तिथे राहू देत नाहीत. त्याचे ठाणे असते दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर, दोन दातांमधल्या फटीत आणि दाढांच्या आतल्या बाजूला.

आता पद्धतींकडे या नजरेने पाहिले की त्यांचा इतिहास वेगळाच दिसू लागतो. आल्फ्रेड फोन्स अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावचा दंतवैद्य. १९१३ साली त्याने दातांची स्वच्छता शिकवणाऱ्या सेविकांचे पहिले वर्ग चालवले आणि त्यांना शाळाशाळांत पाठवले. त्याची पद्धत मुलांच्या हाताला जमेल अशी होती: दात मिटून बाहेरच्या बाजूने मोठे गोल, आतल्या बाजूने पुढे-मागे. चार्टर्सने १९२८ मध्ये आणि स्टिलमनने १९३२ मध्ये सांगितलेल्या पद्धतींचा मुख्य हेतू हिरड्यांना मालीश करण्याचा होता. हिरड्या बळकट झाल्या की दात टिकतील असा त्या काळचा समज. आज त्यांचा उपयोग वेगळा आहे. चार्टर्समध्ये ब्रशचे केस हिरडीकडे न वळवता दाताच्या टोकाकडे कलते धरून फटीत थरथरवतात, म्हणून दातांवर तारा बसवलेल्या मुलांना ती अजूनही शिकवतात. आणि मग येतो चार्ल्स बास. हा गृहस्थ दंतवैद्य नव्हताच. न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक आणि पुढे अधिष्ठाता. १९१२ साली मलेरियाचा परजीवी शरीराबाहेर वाढवून दाखवणाऱ्या दोघांपैकी एक. निवृत्तीनंतर तो दातांकडे वळला. जंतूंच्या अभ्यासकाची नजर असल्यामुळे त्याने आधी जंतू कुठे राहतात ते पाहिले आणि मग ब्रश तिथे कसा पोचेल ते ठरवले. १९५४ मध्ये त्याने लिहिले: मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या रेषेवर ४५ अंशांत कलता टेकवा, केसांची टोके दात आणि हिरडीमधल्या चिरेत किंचित शिरू द्या, आणि ब्रश जागचा न हलवता लहान लहान थरथरते झटके द्या. यानंतर ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून घेतला की ती सुधारित बास. बाकी पद्धती आधी हालचाल ठरवतात. बासने आधी जागा ठरवली. माझ्या मते त्याचे खरे मोठेपण त्या ४५ अंशांपेक्षा या क्रमात आहे.

तर मग बास जिंकला म्हणायचे का? कागदावर होय. बास आणि रोल, म्हणजे हिरडीकडून दाताकडे ब्रश नुसता वळवत आणण्याची पद्धत, यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत हिरडीलगतचा प्लाक काढण्यात बास बहुधा सरस ठरतो; दोन दातांमधल्या फटीत मात्र दोन्ही पद्धतींची मात्रा सारखीच कमी चालते. पण हे अभ्यास होतात कसे ते लक्षात घ्यायला हवे. भाग घेणारे पुष्कळदा दंतवैद्यकाचे विद्यार्थी असतात, घासताना कोणीतरी पाहत असते, दातांना रंग लावून प्लाक मोजला जातो आणि बहुतेक प्रयोग काही आठवड्यांत आटोपतात. घरातल्या न्हाणीघरात यातले काहीच नसते. जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठाने २०१२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. तिथे विद्यार्थ्यांचे गट करून एकाला सुधारित बास आणि दुसऱ्याला फोन्स पद्धत संगणकावरून शिकवली. पुढच्या काही महिन्यांत दात अधिक स्वच्छ निघाले ते फोन्सच्या गटाचे. लहान मुलांची म्हणून बाजूला सारलेली साधी गोल पद्धत पदवीच्या विद्यार्थ्यांना जास्त फळली. कारण तर्काने सांगता येते: बासमध्ये कोन सांभाळायचा, केस चिरेत आहेत की नाही ते जाणवून घ्यायचे, थरथर लहान ठेवायची आणि प्रत्येक दोन-तीन दातांनंतर ब्रश उचलून पुन्हा टेकवायचा. एवढे सगळे सांभाळताना माणसाचे अवधान कोनावर जाते आणि निम्मे तोंड राहून जाते.

इथे एक आकडा ठेवतो, कारण तो माझ्या म्हणण्याचा कणा आहे. हातातल्या साध्या ब्रशने एकदा घासल्यावर किती प्लाक निघतो याचा आढावा नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१२ मध्ये घेतला. ५९ शोधनिबंध, दहा हजारांवर माणसे. उत्तर आले सरासरी ४२ टक्के. म्हणजे घासून, चूळ भरून, तोंड पुसून आपण आरशात पाहतो तेव्हा निम्म्याहून अधिक प्लाक जागच्या जागी असतो. त्याच आढाव्यात एक मिनिट घासल्यावर २७ टक्के आणि दोन मिनिटे घासल्यावर ४१ टक्के घट दिसली. पद्धत न बदलता नुसता वेळ दुप्पट केल्याने एवढा फरक पडतो. दोन चांगल्या पद्धतींमध्ये इतके अंतर क्वचितच सापडते. राहिलेला प्लाक कुठे असतो तेही आता ठाऊक आहे. गिसेनच्याच संशोधकांनी लोकांना ‘तुम्हाला जमेल तितके उत्तम दात घासा’ असे सांगून त्यांचे चित्रण केले. तरीही हिरडीच्या रेषेवर पुष्कळ प्लाक उरला. बाहेरच्या, दिसणाऱ्या बाजूंना भरपूर वेळ मिळाला आणि आतल्या, जिभेकडच्या बाजूंना फारच थोडा. घर झाडताना मधली फरशी चारदा झाडावी आणि कोपऱ्यांत केरसुणी जाऊच नये, तसा हा प्रकार आहे. केरसुणी कोणत्या वळणाने फिरवली हा वाद मग दुय्यम होतो.

यावर दंतवैद्यांचा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे: पद्धतीला कमी लेखले तर लोक आडवे खसाखसा घासतील आणि दात झिजवतील. आडव्या घासण्याबद्दल दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. प्लाक काढण्यात ते अगदीच कुचकामी आहे असे पुरावा म्हणत नाही. सपाट बाजूंवर आणि दाढांच्या माथ्यावर ते चांगले चालते. अडचण जोराची आहे. कडक केस, जास्त दाब आणि खरखरीत मंजन ही तिन्ही एकत्र आली की हिरडी मागे सरकते, दाताच्या मानेशी, जिथे आवरण पातळ असते तिथे, खाच पडते आणि थंड पाण्याने कळ येऊ लागते. झीज मुख्यतः पेस्टमधल्या किंवा मंजनातल्या कणांनी होते, ब्रश त्यांना फक्त फिरवतो. म्हणून राखुंडी, कोळसा किंवा विटकरीची पूड मऊ बोटाने लावली तरी ती निरुपद्रवी ठरत नाही. मुळात जोर लावायची गरजच नाही. प्लाक मऊ असतो, केसांची टोके त्याला स्पर्शली की निघतो; आणि किटण दगडासारखे असते, ते कितीही जोर लावला तरी निघत नाही. जोराने मिळते ते फक्त समाधान. पद्धत शिकवावी ती यासाठी, की ती हाताचा जोर काढून घेते आणि ब्रशला जागेवर आणते. तेवढे साधले की ती बास आहे की फोन्स यावरून रुग्णाला परीक्षेला बसवू नये.

दुसरा आक्षेप गावातून येतो. आमच्या आजोबांनी आयुष्यभर कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी चावली, त्यांचे दात शेवटपर्यंत टिकले, मग ही ४५ अंशांची थेरं कशाला? काडीला मी हसणार नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दात घासण्याची काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीच्या टोकाएवढी जाड असावी, आणि तिने दंतमांसाला, म्हणजे हिरड्यांना, इजा होऊ देऊ नये असे सांगितले आहे, पाठ्यपुस्तकातली ‘मऊ केस, हलका हात’ ही सूचना त्याहून फार वेगळी नाही. येरवड्याच्या तुरुंगात १९३० साली काका कालेलकर गांधीजींना कडुनिंबाच्या काड्या करून देत. वापरलेले टोक कापून त्याच काडीचा पुन्हा कुंचला करायचा आणि काडी वाळून निरुपयोगी होईपर्यंत ती टाकायची नाही, असा गांधीजींचा आग्रह होता. काटकसर म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, पण रोज ताजे, न फेंदारलेले टोक मिळणे ही स्वच्छतेची सोयही आहे. आपल्यापैकी किती जण केस वाकलेला ब्रश तीन महिन्यांत टाकतात? अरब देशांत वापरल्या जाणाऱ्या मिस्वाक काडीवरच्या अभ्यासांतही, वापर नीट शिकवला तर ती ब्रशच्या तोडीस तोड उतरते असे दिसले आहे. मर्यादा पुन्हा जागेचीच. काडी सरळ असते, तिच्या टोकाचे तंतू काडीच्याच दिशेने पुढे असतात, त्यामुळे समोरचे दात लखलखीत होतात आणि दाढांची आतली बाजू बहुधा तिच्या वाट्याला येत नाही. आजोबांच्या दातांविषयी म्हणाल, तर ज्यांचे टिकले तेच आपल्याला आठवतात. आणि त्यांच्या ताटात साखर, बिस्किटे आणि दिवसातून पाच वेळा चहा नव्हता.

वर्धा जिल्ह्यात या चर्चेला आणखी एक बाजू आहे, ती परदेशी शोधनिबंधांत सापडणार नाही: खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण. त्यातल्या सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा हळूहळू ताठर होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. ज्याचे तोंड दोन बोटांएवढेच उघडते त्याला शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूला कलता ब्रश टेकवायला सांगणे ही थट्टा आहे. त्याला लहान मुलांच्या आकाराचा ब्रश द्यावा, जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंत हळू फिरवायला सांगावे, आणि खर्रा सोडवण्याच्या मागे लागावे. हा विकार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, हे तर आहेच. खर्रा जिथे दाबून धरतात तिथली हिरडीही मागे सरकते. मिश्री लावून दात घासणाऱ्या बायकांची गोष्ट याहून वेगळी नाही. तिथे दात घासण्याच्या नावाखाली तंबाखूची तलफ भागवली जाते. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री त्या बंदीत कुठे सापडणार?

विजेवर चालणाऱ्या ब्रशविषयी थोडक्यात. २०१४ सालच्या कॉक्रेन आढाव्यात ५६ प्रयोगांचा विचार केला होता. साध्या ब्रशच्या तुलनेत तीन महिन्यांपर्यंत ११ टक्के आणि त्यानंतर २१ टक्के कमी प्लाक आढळला. फायदा खरा आहे. हातात कंप असणाऱ्या, लकव्यातून उठलेल्या किंवा संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला तो घेऊन द्यावा. इतरांसाठी, देवळी किंवा समुद्रपूरच्या बाजारात सहज मिळणारा मऊ ब्रश दोन मिनिटे पूर्ण फिरवणे जास्त परवडते. एक कबुली मात्र द्यायला हवी, नाहीतर लेख एकांगी होईल: दात किडण्याच्या बाबतीत प्लाक काढण्यापेक्षा पेस्टमधल्या फ्लोराइडचा पुरावा भक्कम आहे. मुलांवरच्या प्रयोगांच्या आढाव्यात फ्लोराइडच्या पेस्टने कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी झाली. शेजारच्या चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे दातांवर पडणारे तपकिरी डाग पाहून लोक पेस्टलाच घाबरतात. ते डाग दात जबड्यात तयार होताना पिण्याच्या पाण्यातून आलेले असतात आणि कितीही घासले तरी जात नाहीत. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. लहान मुलांना ती तांदळाच्या दाण्याएवढी, जरा मोठ्यांना वाटाण्याएवढी द्यावी आणि गिळू देऊ नये, म्हणजे पुरे.

एवढ्या पुराव्यानंतर माझा निवाडा असा. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला फोन्सची गोल पद्धत शिकवावी आणि शेवटचा हात आईबापांनी फिरवावा. तारा असलेल्या मुलामुलींनी चार्टर्स शिकून घ्यावी. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या प्रौढाने मऊ ब्रशने सुधारित बास करावी, आणि फटींसाठी फ्लॉस किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश वापरावा, कारण तिथे कोणतीच पद्धत पोचत नाही. ज्याला बास जमत नाही त्याने लहान गोल फिरवावेत, पण हिरडीच्या रेषेवर. क्रम मात्र सगळ्यांनी एकच आणि रोजचा ठेवावा, म्हणजे एखादी बाजू सुटली की हाताला कळते. रात्रीचे घासणे सकाळच्या घासण्याहून महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. खात्री करायची असेल तर दंतवैद्याकडे प्लाक रंगवून दाखवणाऱ्या गोळ्या किंवा द्रव मिळतो. एकदा घासून झाल्यावर तो लावून आरशात पाहिले की हा लेख वाचण्याची गरज उरणार नाही. आणि आज रात्री ब्रश हातात घ्याल तेव्हा समोरच्या दातांपासून सुरुवात करू नका. खालच्या दाढांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूपासून करा. हात ताजा असतो तोवर अवघड जागा उरकून घ्या. तिथून रक्त आले तर घासणे थांबवू नका, हलक्या हाताने चालू ठेवा. दोन आठवड्यांनंतरही रक्त येतच राहिले, तर दंतवैद्याला दाखवा.